कोरलच्या कपाटाची मागची फळी

व्हाइटमार्क, फ्लिंडर्स बेट
११ फेब्रुवारी

प्रिय लिंडसे,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी आपण बोललो तेव्हा अर्धा वेळ तू "काय? कोण गेलं?" एवढंच विचारत होतास. कोणी गेलं नव्हतं. मी शेजारच्या मेव्हिसच्या गाईबद्दल सांगत होते. तेव्हा पत्रच बरं, निदान ओरडावं लागत नाही.

बातमी अशी की मी पुस्तकांसाठी उघडं कपाट घेतलं. हो, विकत. तू करून देतो म्हणालास तेव्हा माझा नॉर्म जिवंत होता आणि रसेलला दाढीसुद्धा आली नव्हती. मी आणखी किती थांबू? गुरुवारी अर्धं बेट माझ्याकडे पुस्तकं बदलायला येतं आणि मी आपली बटाट्याच्या खोक्यांत पुस्तकं रचतेय. मागवलं तर मंगळवारच्या जहाजाने एक चपटं खोकं आलं, आत फळ्या, स्क्रू आणि एक वाकडी किल्ली. सगळं मी एकटीनं जोडलं. मेव्हिस नुसती खुर्चीत बसून चहा पीत होती आणि "ती फळी उलटी आहे" म्हणत होती. एकदा खरंच उलटी होती.

आता दुखणं सांगते. कपाट खिडकीपाशी होतं, आणि पश्चिमेचा वारा सुटला की तिथे पावसाचे शिंतोडे येतात. म्हणून मी ते पुस्तकांसकट ओढत पलीकडच्या भिंतीला नेलं. पुस्तकं काढायला हवी होती, ठाऊक आहे, शहाणपणा नको शिकवू. ओढताना मागची पातळ फळी खालच्या बाजूने सुटली. बारीक खिळे उपटून आलेत आणि फळी वाऱ्यावर फडफडतेय.

यात काय एवढं म्हणशील. एवढंच की रसेल ईस्टरला येतोय. पोरगा गुणी आहे, पण बापाची सवय उचललीय. घरात पाऊल टाकलं की सगळं हलवून बघतो. कठडा हलवतो, पायरीवर लाथ मारतो, नळ पिळतो. मागच्या खेपेला मागची पायरी डुगडुगली, तर जेवताना मला "आई, आता तुला एकटीनं झेपत नाही" हे ऐकावं लागलं. ती पायरी माझ्या लग्नापासून डुगडुगतेय. समुद्रापलीकडे लॉन्सेस्टनला नदीकाठी म्हाताऱ्यांचं जे नवं संकुल झालंय, तिथे त्याने माझ्यासाठी एक खोली धरून ठेवलीय. हो की नाही ते ईस्टरला सांगायचं. आणि मी शेखी मिरवत त्याला आधीच कळवून बसलेय की बघ, अख्खं कपाट मी जोडलं. म्हणजे तो पहिला हात त्यालाच लावणार. ते हललं की मलाही इथून हलवणार.

मला हे घर सोडायचं नाही, लिंडसे. तेव्हा ती फळी पक्की कशी बसवायची ते सांग.

तुझी,
कोरल

ब्यूटी पॉइंट
१९ फेब्रुवारी

प्रिय कोरल,

खोक्यातलं कपाट! आपला बाप हे ऐकायला नाही ते बरं.

मी जन्मभर होड्या बांधल्या. माझ्या होड्या अजून तुमच्या बेटाच्या धक्क्याला येतात, जाऊन बघ. आणि माझी सख्खी बहीण भुसा दाबून केलेल्या फळ्यांवर पुस्तकं ठेवते. त्या फळ्यांवर लाकडाचा नुसता फोटो चिकटवलेला असतो, माहीत आहे ना?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. ती मागची फळी काढ आणि फेकून दे. तो पुठ्ठा आहे. मागची भिंत दिसू नये म्हणून लावतात, बाकी त्याचा काडीचा उपयोग नाही. कपाट उभं राहतं ते सांध्यांवर. सांधे घट्ट असले तर मागे पुठ्ठा असला काय नि नसला काय. त्या वाकड्या किल्लीने सगळे स्क्रू एकदा आवळ, पुठ्ठा उपटून काढ आणि रसेलला खुशाल लोंबकळू दे.

दुसरं, घरचा पत्ता सध्या चालायचा नाही. कोणीतरी गाडी मागे घेताना माझी पत्रांची पेटी उडवली. पाकिटाच्या मागे लॉन्सेस्टनच्या पोस्टातल्या पेटीचा क्रमांक लिहिलाय, त्यावर पाठवत जा. माझं तिकडे जाणं होतंच.

आवरतं घेतो. साडेपाच झाले, जेवायची वेळ. आज मंगळवार, म्हणजे आमच्याकडे मासे आणि वर कस्टर्ड.

तुझा,
लिंडसे

व्हाइटमार्क
१ मार्च

लिंडसे,

प्रिय बिय आज राहू दे.

तू सांगितलंस तसं केलं. सगळे स्क्रू आवळले, फळी उपटली. ती फेकवेना म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली, तिथे वारा फार येतो. मग पुस्तकं लावली. कपाट उभं राहिलं, आणि मी मनात म्हटलं, लिंडसे कधी चुकत नाही.

काल गुरुवार. सकाळचं विमान येऊन गेलं, लोक जमले. मेव्हिसने वरच्या कप्प्यातलं एक जाडजूड पुस्तक ओढलं, आणि कपाट हळूहळू डावीकडे झुकायला लागलं. पडलं नाही. बंद होण्याच्या वेळी दारूच्या गुत्त्यातून निघालेल्या माणसासारखं आधी झुकलं, मग आणखी झुकलं, आणि मग भिंतीला खांदा लावून थांबलं. पुस्तकं मात्र थांबली नाहीत. मेव्हिसच्या पायावर समुद्री पक्ष्यांचं सचित्र पुस्तक पडलं. सगळे हसले. मीही हसले, पण वरवर. रसेलच्या जागी मेव्हिस होती म्हणून वाचले.

कपाटाचा चौकोन आता चौकोन राहिला नाही, कोपरे वाकडे झालेत. म्हणजे ज्याला तू पुठ्ठा म्हणतोस, तोच त्याला सरळ धरून होता. हे होड्या बांधणाऱ्याला कळू नये? होडीला मागे पडदा नसतो, कबूल. पण होडी पाण्यात असते, तिला चारी बाजूंनी पाणी धरतं. माझ्या बैठकीच्या खोलीत अजून पाणी भरलेलं नाही.

फळी खुराड्यावरून काढून आणली. कोंबड्यांनी तिच्यावर काय केलं ते लिहीत नाही. धुऊन पुसून उन्हात ठेवलीय. ठीक आहे, वाकलेली नाही. आता डोकं चालव आणि नीट सांग.

आणि हे काय, "आमच्याकडे मासे"? आमच्याकडे म्हणजे कोणाकडे? तू तर आठ वाजता ओट्याशी उभ्यानं पाव-चीज खाणारा माणूस. साडेपाचला जेवण, वर कस्टर्ड, पत्रं लॉन्सेस्टनला. मला शेंड्या लावू नकोस. कोण आहे ती?

कोरल

ब्यूटी पॉइंट
९ मार्च

प्रिय कोरल,

चुकलो. घे, लेखी दिलं.

तुझं पत्र वाचून आधी नाकाला मिरच्या झोंबल्या. मग बुटांचं एक रिकामं खोकं घेतलं, त्याचा तळ कापला आणि ते आडवं धरून एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. चपटं झालं. तळ परत चिकटवला आणि पुन्हा बोट ठेवलं, तर मुठीनेही हलेना. तुझ्या फळीचं काम तेच. लाकडी कपाटात हे काम सांधे करतात, या भुशाच्या कपाटात ती पातळ फळीच सगळं सांभाळते. तिला पुठ्ठा म्हणालो, शब्द मागे घेतो.

आता नीट वाच. पुस्तकं काढ. कपाट जमिनीवर घोंगडीवर पालथं घाल. एकटीनं नको, मेव्हिसला घे. मग दोरी घे. एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताण आणि तिथे गाठ मार. तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांवर धर. दोन्हीकडे सारखी भरली तर चौकोन गुण्यात आहे, म्हणजे चारही कोपरे सरळ आहेत. एकीकडे जास्त भरली तर त्या लांब बाजूचे दोन कोपरे एकमेकांकडे ढकल आणि पुन्हा मोज. हे जमेपर्यंत खिळ्याला हात लावू नकोस. वाकड्या चौकोनावर फळी ठोकलीस तर ती त्याला जन्मभर वाकडंच धरून ठेवेल.

जुन्या भोकांत खिळे घालू नकोस. ती भोकं सैल झालीत. त्यांत सरस लावून काडेपेटीच्या काड्या कोंब आणि नवे खिळे दोन भोकांच्या मधे मार. कडेवर सरसाची एक रेघ ओढ. मधला कप्पा कुठे आहे ते फळीवर पेन्सिलीने आखून घे, नाहीतर मधले खिळे हवेत जातील.

ती कोण, ते विचारू नकोस. डोरिन म्हणून आहे. जेवताना माझ्या समोर बसते आणि माझं कस्टर्ड खाते. यापुढे सांगणार नाही.

एक मात्र बोलतो. ते नदीकाठचं संकुल तू समजतेस तितकं वाईट नसावं. खिडक्यांतून पाणी दिसतं. लोक गप्पिष्ट आहेत म्हणे. शेजारी कोणी आपलं माणूस असेल तर दिवस बरे जातात. सहज सुचलं, म्हणून लिहिलं.

तुझा,
लिंडसे

व्हाइटमार्क
२२ मार्च

लिंडसे,

सहज सुचलं? तुला आयुष्यात काही सहज सुचलेलं नाही. रसेल तुझ्याशी बोलला ना? खरं सांग. त्याने तुला माझ्यावर सोडलंय. खिडक्यांतून पाणी दिसतं म्हणे. माझ्या खिडकीतून अख्खा समुद्र दिसतो, वर बुटक्या कांगारूंसारख्या त्या वॉलबी येऊन माझा कोबी खाऊन जातात. मला आणखी शेजार नको. तू डोरिनच्या नादाने मऊ झालायस, बाकी काही नाही.

कपाटाचं ऐक. सगळं तू लिहिल्याबरहुकूम केलं. मेव्हिस आणि मी मिळून ते पालथं घातलं. घरात धड दोरी मिळेना. पण या बेटावर दोरी नाही असं घर नाही. नॉर्मच्या गळाची नायलॉनची दोरी काढली, ती तुटता तुटत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली. दुसरीकडे थोडी कमी पडली. मेव्हिस म्हणाली, "ओढ जरा." ओढली, तर बरोबर भरली. पुन्हा पहिलीकडे धरली, बरोबर. आम्ही एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. मग भोकांत काड्या, सरसाची रेघ, पेन्सिलीची खूण, सगळं. चार कोपऱ्यांना एकेक खिळा मारला आणि राहवेना म्हणून उभं करून बघितलं.

वाकडंच आहे. झुकत नाही, पण वाकडं आहे. वरच्या कप्प्यावर अंडं ठेवलं तर ते आपलं आपण चालत डावीकडे गेलं. मेव्हिसने झेललं म्हणून बरं.

मी दोरी पुन्हा लावून बघितली. दोरी म्हणते सरळ, अंडं म्हणतं वाकडं. मी कोणावर विश्वास ठेवू? सरस ओला होता तोवर चारही खिळे उपटले, फळी काढली, कडा पुसल्या. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि ईस्टर आता दारात आलाय.

मी हात टेकणार नाही. पण काल संध्याकाळी त्या पालथ्या कपाटाशेजारी जमिनीवर बसले होते, आणि एक क्षण वाटलं, रसेलचंच बरोबर असेल. हे मेव्हिसला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय.

कोरल

ब्यूटी पॉइंट
३० मार्च

प्रिय कोरल,

रसेलचं बरोबर नाही. आधी ते डोक्यातून काढ.

तुझं काम चोख होतं. घोटाळा नॉर्मच्या दोरीने केला. गळाची दोरी ताणते, कोरल. मोठा मासा लागला की तिने थोडं द्यावं, झटक्याने तुटू नये, म्हणूनच ती तशी बनवतात. तुझ्या मेव्हिसने "ओढ जरा" म्हटलं आणि तू ओढलीस, की तिने तुला हवं ते माप दिलं. तिला कितीही विचार, ती हो म्हणेल. असल्या दोरीने समुद्रातले मासे धरावेत, घरातलं कपाट मोजू नये. अंड्यावर विश्वास ठेव.

सोबत पार्सल पाठवतोय. त्यात माझी सुती दोरी आहे, होडीची कणा-फळी मी हिच्याच मापाने बसवायचो. ही ताणत नाही आणि खोटं बोलत नाही. तंबाखूच्या जुन्या डब्यात बारीक खिळे आहेत. आणि माझी छोटी हातोडी आहे. तुझ्या घरची हातोडी मला आठवते, तिने बैल मरेल. ही हलकी आहे. खिळ्याला दोन टिचक्या आधी, मग दोन जोरात.

खिळा अगदी किंचित तिरका मार, एक या अंगाला, पुढचा त्या अंगाला. भुशाच्या फळीत सरळ खिळा सरळच परत येतो, तिरका धरून ठेवतो. पण कडेबाहेर जाऊ देऊ नकोस, बाजूची फळी फुटेल. आधी समोरासमोरचे दोनच कोपरे ठोक, थांब, पुन्हा दोरी लाव, मग बाकीचे. सगळं झालं की पालथंच राहू दे, वर पुस्तकांची ओझी ठेव आणि सरस पुरता सुकल्याशिवाय उभं करू नकोस. तुला दम धरवत नाही, म्हणून लिहितोय. उभं केल्यावर वरच्या बाजूने एक लोखंडी कोन भिंतीतल्या लाकडात पक्का कर. पुढे पडण्यासाठी तो, बाजूला झुकण्यासाठी फळी. दोघांची कामं वेगळी.

संकुलाबद्दल जे लिहिलं ते विसर. रसेल माझ्याशी काही बोललेला नाही. तू तुझ्या घरातच राहा. तिथे तू शोभतेस.

तुझा,
लिंडसे

व्हाइटमार्क
२४ एप्रिल

प्रिय लिंडसे,

रसेल काल गेला. सगळं क्रमाने सांगते, मधे ओरडू नकोस.

तुझी दोरी लावली तर एकीकडे अंगठ्याएवढी जास्त भरली. एवढा फरक नॉर्मची दोरी पोटात घालत होती. मी एक कोपरा सोफ्याच्या पायाला टेकवला आणि मेव्हिस समोरच्या कोपऱ्याशी जमिनीवर बसून पायाने रेटत राहिली, तोंडाने अखंड कुरकुर. भरलं. दोन खिळे मारले, पुन्हा मोजलं, मग बाकीचे. वर पुस्तकांची ओझी ठेवली आणि दम धरला. त्या दिवसांत मी त्या खोलीत जायचंच सोडून दिलं, नाहीतर हात शिवशिवले असते. मग उभं केलं, भिंतीला कोन लावला आणि अंडं ठेवलं. अंडं जागच्या जागी.

शनिवारी रसेल आला. कठडा हलवला. पायरीवर लाथ मारली, ती डुगडुगली, त्याच्या भुवया बोलल्या. मग आत आला आणि थेट कपाटापाशी गेला. मी ईस्टरचे क्रॉसचे पाव भाजत होते. भाजत कसली, एकाच पावाला लोणी फासत उभी होते.

त्याने दोन्ही हातांनी धरून डावीकडे रेटलं. मग उजवीकडे. माहीत आहे ना केवढा आहे तो, दारातून येताना वाकतो. कपाट हललं नाही. त्याने वरच्या कप्प्यावर फोन आडवा ठेवला, त्यात म्हणे हल्ली पाणसळही असते. पातळी बघितली. मग गुडघ्यावर बसून मागे डोकं घातलं.

"हे खिळे कोणी मारले?"

"मी."

"तिरके आहेत."

"तिरकेच मारायचे असतात," मी म्हटलं. "सरळ मारला तर सरळ परत येतो."

तो उठला, गुडघे झटकले आणि हसला. अगदी लहानपणी हसायचा तसा. म्हणाला, "आई, हे तुला लिंडसेमामाने सांगितलं ना? पण तिथे बसून त्याने हे जमवलं कसं? तिथे त्याच्याकडे साधी फळी नाही."

मी म्हटलं, "तिथे म्हणजे कुठे? त्याची अख्खी लाकडाची वखार आहे."

मग त्याने सांगितलं. तू जानेवारीत पडलास. खुब्याचं हाड. ब्यूटी पॉइंटचं घर बंद आहे, तिथलं टपाल तू वळवून घेतलंयस, वखार रिकामी केलीय, आणि फेब्रुवारीच्या आधीपासून तू लॉन्सेस्टनला त्याच नदीकाठच्या संकुलात आहेस. मला सांगायचं नाही अशी शपथ घातली होतीस त्याला. माझ्या खोलीबद्दल तुझ्याशी एक अक्षर बोललो नाही, असं तो म्हणतो, आणि ते मला पटलं.

मी पाव तसेच टाकून बाहेर गेले. राग तुझा आला नाही, स्वतःचा आला. मी तुला कस्टर्डवरून चिडवत होते. एक बाई शोधून काढली मी तुझ्यासाठी. तू बुटाच्या खोक्यावर प्रयोग करतोस, आणि मला कळत नाही की वखारीतला माणूस बुटाचं खोकं कशाला घेईल. तुझी हातोडी माझ्या हातात होती, लिंडसे. ती तू मला लहानपणी शिवूही दिली नाहीस. ती पार्सलातून आली, आणि मी म्हटलं, वा, हलकी आहे.

खूप रडले. मग आत येऊन रसेलला सांगितलं की खोली नको. तो म्हणाला, "ठीक आहे." एवढंच. जाण्याआधी त्याने पायरी दुरुस्त केली. माझी हातोडी नाही घेतली, तुझी घेतली.

आता तू ऐक. नॉर्मची खोली रिकामी आहे. जमिनीलगत आहे, एकही पायरी नाही. डॉक्टरीण बेटावर असते, मी तिला विचारून ठेवलंय, खुबा सांधल्यावर चालणं चांगलंच म्हणाली. तुला कायमचं ये म्हणत नाही, तू नाही म्हणशील. हिवाळ्यापुरता ये. गुरुवारी इतके लोक येतात की आणखी एक कपाट लागणार आहे, आणि खोक्यातलं मी आता घेणार नाही. फळ्या मेव्हिसचा भाऊ देईल, खऱ्या. तू बसून सांग, मी कापीन.

डोरिनला आणायची असेल तर आण. कस्टर्ड मी करीन.

तुझी,
कोरल

लॉन्सेस्टन
२ मे

प्रिय कोरल,

पितळ उघडं पडलं, बरं झालं. पाकिटामागे पेटीचे आकडे लिहायचा कंटाळा आला होता. खरा पत्ता वर दिलाय.

इथे याला वृद्धाश्रम म्हणत नाहीत, गाव म्हणतात. गावात नव्वदीच्या आतला मी एकटाच हिंडताफिरता, म्हणून पोरसवदा समजतात. डोरिन खरी आहे, शहाण्णव वर्षांची. माझं कस्टर्ड खाते हेही खरं. ती येणार नाही, विमानाला भिते.

तुला का नाही सांगितलं ते सांगतो. रसेलने तुझ्यासाठी जी खोली धरली होती ती माझ्या शेजारची. दारावर नावाची पाटी लावायची जागा रिकामी. मी रोज जेवायला जाताना तिच्यावरून जायचो आणि मनात तुझं नाव लावायचो. भिंतीवर थाप मारली की पलीकडून तू शिव्या देशील, असं चित्र पक्कं केलं होतं. मी इथे आहे हे तुला कळलं असतं, तर तू माझ्यासाठी घर सोडून आली असतीस. ओळखतो मी तुला. म्हणून लपवलं. तरी एकदा लेखणी घसरली आणि खिडक्यांतून पाणी दिसतं असं लिहून बसलो. तू फटकारलंस ते योग्यच केलंस.

पहिल्या पत्रात चुकलो तो निव्वळ घमेंडीने, त्यात दुसरं काही नव्हतं. पण तुझं ते जमिनीवर बसल्याचं पत्र आलं, तेव्हा मी ते बराच वेळ हातात धरून बसलो. उत्तर मला वाचताक्षणी कळलं होतं. गळाची दोरी. मी नुसतं दोन आठवडे गप्प बसलो असतो, तर तुझं कपाट वाकडं राहिलं असतं आणि मेमध्ये तू शेजारी राहायला आली असतीस. मग मी हातोडी पार्सलात घातली. ती घातली की मागे फिरायला जागा राहत नाही.

त्या खोलीत काल एक निवृत्त टपालमास्तर आला. बरा आहे, पण घोरतो. मला ऐकू येत नाही, भिंत थरथरते त्यावरून कळतं.

येतो. इथल्या डॉक्टरने हो म्हटलंय, रसेलने तिकीट काढलंय. पुढच्या गुरुवारी सकाळच्या विमानाने. लोक पुस्तकं बदलायला आलेले असतील, त्यांना थोडं थांबव. कपाट आधी मी हलवून बघणार आहे.

धावपट्टीशी उभी राहून ओरडू नकोस, मला ऐकू यायचं नाही. नुसता हात हलव.

तुझा,
लिंडसे